दाराला पडदा लावला की 'ची' थांबते का? (आणि पडद्याला मारलेल्या गाठीचं काय?)

उंबरठा:
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आता डोकं इतकं पिकलंय की धागा काढतेच.

आमचं मुख्य दार उघडलं की समोर हॉल आणि हॉलच्या पलीकडे बरोब्बर त्याच रेषेत बाल्कनीचं दार. म्हणजे बेल वाजवणाऱ्याला आधी आमचं वाळत घातलेलं धुणं दिसतं, मग आम्ही. जाऊबाईंच्या ओळखीतले एक फेंगशुईवाले येऊन गेले, दारातच उभं राहून मान हलवली, म्हणाले ची (म्हणजे त्यांच्या चिनी शास्त्रातली प्राणऊर्जा) आत येते पण थांबतच नाही, सरळ बाहेर जाते, पैसा टिकत नाही ना तुमच्याकडे? (कुणाकडे टिकतो?) उपाय म्हणून पडदे सांगितले, तेही एक नाही पाच! बाल्कनीच्या दाराला पांढरा. किचनला दार नाही, नुसती कमान आहे, आणि तिच्या समोर बाथरूमचं दार, म्हणून तिथे हिरवा. बाथरूमला बाहेरून एक. बेडरूमला एक, कारण पलंगावर झोपलं की पाय दाराकडे होतात. आणि हॉल संपून पॅसेज सुरू होतो तिथे मण्यांचा.

पाचही लावले. आज तीन आठवडे झाले. मण्यांचा पडदा रात्री पाणी प्यायला उठलं की तोंडावर येतो आणि खळ्ळकन वाजून अख्खं घर जागं करतो. किचनच्या पडद्याला सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी गाठ मारली, हातात ताट असलं की तो मधे येतो म्हणून. बाथरूमच्या पडद्याची खालची कड कायम ओली. बेडरूमचा नवऱ्याने उचलून दारावर टाकलाय. बाल्कनीचा तेवढा शाबूत.

तर प्रश्न असा की यातलं खरंच काय ठेवायचं, आणि गाठ मारलेला पडदा उपाय म्हणून धरतात का? दुसरा प्रश्न गंभीर आहे, सासऱ्यांशी वाद चाललाय.

साशंक:
पैसा टिकत नाही ना, हा प्रश्न कुठल्याही दारात उभं राहून विचारला तरी उत्तर हो च येणार. बाकी चालू द्या, वाचतोय.

पाचवा_मजला:
गाठीवर हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे प्रत्येक पडद्याला गाठ आहे, पडदा कसला, लोंबतं गाठोडं ते.

काजवा:
उंबरठाताई, थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

फेंगशुई म्हणजे शब्दशः वारा आणि पाणी. यातला एक जुना ग्रंथ आहे, ग्वो पू (इ.स. २७६ ते ३२४) नावाच्या चिनी विद्वानाच्या नावावर सांगतात, आणि गंमत म्हणजे तो घरांबद्दल नाहीच, थडगी कुठे बांधावीत याबद्दल आहे. त्यातला मूळ मुद्दा इतकाच की ची वाऱ्याबरोबर विखुरते आणि पाण्याच्या काठाशी थांबते. मग सगळी कला कशात, तर वारा सौम्य करून ची रेंगाळेल अशी जागा शोधण्यात किंवा करण्यात. तुमच्या दोन दारांची भानगड यातूनच निघते. दार समोर दार आलं की वारं आरपार जातं, हा त्या लोकांच्या मते ठळक दोष, आणि फेंगशुईवाला कुठल्याही पंथाचा असो, यावर बोट ठेवणारच.

पण त्यावरचा जुना उपाय पडदा नव्हता, भिंत होती. बीजिंगच्या जुन्या चौकाच्या घरांत फाटकातून आत शिरलं की समोर एक आडवी भिंत येते, तिला यिंगबी म्हणतात. आत जायचं तर तिला वळसा घालूनच जावं लागतं. म्हणजे नजरही अडते, वाराही अडतो आणि माणसाची चालही मंदावते. फ्लॅटमध्ये भिंत कुठून आणणार? मग लाकडी पार्टिशन आलं, ते परवडेना किंवा जागा खायला लागलं की पडदा. त्यामुळे पडदा हा या खानदानातला गरीब नातेवाईक आहे असं समजा. तीनातलं एक काम तो उत्तम करतो (नजर अडवणं), दुसरं बरं करतो (वारा), तिसरं, म्हणजे चाल मंदावणं, ते करायला गेला की घरचे त्याला गाठ मारतात.

त्यामुळे तुमच्या गंभीर प्रश्नाचं उत्तर: गाठ मारलेला पडदा फेंगशुईच्या हिशोबानेही उपाय नाही, अडवायचं ते अडतच नाही ना त्याने. सासरे जिंकले पण आणि हरले पण.

भाषावाला:
अवांतर: मूळ उच्चार 'फंग-श्वे' च्या जवळ जाणारा आहे, 'फेंगशुई' आपण इंग्रजी स्पेलिंगवरून उचललं. आता रूढ झालंय त्यामुळे भांडत नाही. आणि 'ची' म्हणजे आपल्या षष्ठी विभक्तीतली ची नव्हे हे वर 'घरची ची' वगैरे कोटी सुचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. :)

साशंक:
घरची ची गेली बाल्कनीतून. आभार, सुचत नव्हती.

टीपशिलाई:
मी पडदे शिवते, फेंगशुई मला कळत नाही, पण 'उपायाचे' पडदे शिवून घ्यायला येणारे लोक दोनच चुका करतात. एक म्हणजे दाराच्या रुंदीएवढंच कापड घेतात. तीन फुटी दाराला तीन फूट कापड लावलं की ते चादरीसारखं ताठ लटकतं, कडेने फटी राहतात आणि जरा वारं आलं की सगळंच्या सगळं उडतं. चुण्या पडायला दीडपट तरी पाहिजे, दुप्पट असलं तर देखणं. आणि दुसरं म्हणजे लांबी. लोकांना वाटतं जमिनीला टेकला म्हणजे पूर्ण अडवला. टेकवू नका हो! येण्याजाण्याच्या दाराला अर्धा इंच तरी वर ठेवा, नाहीतर कड मळते, पायात येते, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर पडायचं निमित्त. बाल्कनीच्या पडद्याला खालची दुमड चार इंचाची घ्या आणि तिच्यात वजनाची साखळी ओवा, बारीक शिशाचे मणी असलेली दोरीसारखी मिळते ती. मग बघा कसा गपगुमान राहतो.

आणि भोक पाडायचं नसेल तर चौकटीत अडकवायचा स्प्रिंगचा रॉड येतो, पण तो हलक्या कापडालाच. जाड पडदा टांगलात तर एखाद्या रात्री रॉडसकट खाली येईल आणि घाबरून उठाल, मग ची काय म्हणते ते विचारा.

जळवंटीण:
किचनच्या पडद्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. कमानीपासून शेगडी किती लांब आहे? आमच्याकडे पॉलिस्टरचा होता, दीड हातावर शेगडी, बाल्कनीतून झुळूक आली आणि पडद्याचं टोक ज्वाळेकडे गेलं. पेटला नाही, आक्रसला आणि वितळून काळा थेंब झाला, तो थेंब अजून फरशीवर आहे, खरवडून निघत नाही. सुती असता तर भडकला असता. तेव्हापासून किचनच्या आसपास वाऱ्याने उडणारं कापड नको हा आमच्या घरचा एकमेव नियम, फेंगशुई असो नाहीतर आणखी काही.

सासऱ्यांची गाठ या बाबतीत शहाणपणाची आहे असं माझं मत.

उंबरठा:
बाप रे! शेगडी कमानीला लागूनच आहे, हातभर सुद्धा नाही. हे डोक्यातच आलं नव्हतं. उतरवते आजच.

पण मग किचन समोर बाथरूमचं काय? ते म्हणाले होते आग आणि पाणी समोरासमोर, हिरव्याशिवाय पर्याय नाही.

काजवा:
हिरव्यामागचं लॉजिक त्यांच्या चौकटीत बरोबर आहे. पंचतत्त्वं म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. एक चक्र पोसण्याचं: लाकूड अग्नीला, अग्नी मातीला (राख), माती धातूला, धातू पाण्याला, पाणी परत लाकडाला. दुसरं दाबण्याचं: पाणी अग्नीला विझवतं, अग्नी धातू वितळवतो, वगैरे. आता किचन अग्नी आणि बाथरूम पाणी, भांडण ठरलेलं, मग मधे लाकूड आणून बसवायचं, म्हणजे पाणी लाकडाला पोसेल, लाकूड अग्नीला, भांडणाचं रूपांतर साखळीत. लाकडाचा रंग हिरवा म्हणून हिरवा पडदा. पण ते लाकूड कापडाचंच असलं पाहिजे असं कुठे आहे? पॅसेजमध्ये बाथरूमच्या बाजूला एक कुंडी ठेवा, किंवा बाथरूमच्या दाराला हिरवा रंग द्या. त्याहून सोपं म्हणजे दार बंद ठेवा. बंद दारापेक्षा चांगला पडदा अजून कुणी शिवलेला नाही. टीपशिलाईताई राग नसावा.

टीपशिलाई:
राग कसला, बाथरूमचे पडदे शिवायला मीच नको म्हणते. बुरशी धरून परत येतात.

पाचवा_मजला:
+१ बाथरूमला. तिथे दार लावून घेणं, कमोडचं झाकण टाकणं आणि एग्झॉस्ट पंखा चालू ठेवणं, एवढं केलं तरी फेंगशुईवाले खूश आणि नाकही खूश. दाराबाहेर कापड लोंबलं की आतली ओल त्यात मुरते, आठवड्यात कुबट वास. दोष झाकायला लावलं आणि तेच कापड नवा दोष होऊन बसलं.

वारेमाप:
मला एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा, हॉलच्या मध्यावर पंख्याला बांधलेल्या दोरीला छातीच्या उंचीवर लोंबेल अशी चिकटवा, पंखा अर्थातच बंद. मग दोन्ही दारं उघडी, एक उघडं, पडद्यासह, पडद्याशिवाय, असं करून बघा. ची दिसत नाही पण वारा दिसतो, आणि वर काजवा म्हणतायत तसं सगळी गोष्ट वाऱ्यावरूनच सुरू झालीय तर निदान वारा तरी मोजू की.

साशंक:
हे आवडलं. शिवाय माझा साधा प्रश्न, दिवसातून किती वेळ दोन्ही दारं एकदम सताड उघडी असतात? मुख्य दार तर आपण आत आलो की लावतो. मग ची पळते कधी, बेल वाजल्यावर दोन मिनिटं?

शांतनिद्रा:
साशंक, सगळ्यातच खोट काढायची असेल तर काढा पण माझा अनुभव सांगते. आमचाही पलंग दारासमोर होता, पाय दाराकडे. चिनी लोक याला फार अशुभ मानतात, प्रेत तसं बाहेर नेतात म्हणून. मी मानत नव्हते, तरी मला दोन वर्षं धड झोप नव्हती, सारखं वाटायचं कुणीतरी दारात उभं आहे. जागा अशी की पलंग दुसरीकडे फिरतच नाही. शेवटी दाराला जाड गडद पडदा लावला, पलंग आणि दार यांच्या मधे येईल असा, आणि पहिल्या रात्रीपासून फरक. तुम्ही म्हणाल मनाचे खेळ, असू दे, झोप खरी आहे ना.

साशंक:
मनाचे खेळ अजिबात म्हणणार नाही. पॅसेजचा दिवा डोळ्यावर येत असणार, तो अडला. आवाज थोडा दबला. आणि दारातून कोण येतंय ते झोपेत दिसत नाही म्हणून जी धाकधूक असते ती माणसाला असतेच, पाठ दाराकडे करून कामाला बसा, तीच. तुमचा पडदा काम करतोय, कशामुळे यावर आपलं जमणार नाही एवढंच.

शांतनिद्रा:
दिवा असायचा खरा रात्रभर. मुलासाठी. ठीक आहे, अर्धं मान्य.

दिशाभूल:
रंगाबद्दल माझा प्रश्न. ताईंना बाल्कनीला पांढरा सांगितला. मला एका ॲपने दारासमोरच्या भिंतीला लाल सांगितला, घर जवळजवळ असंच आहे. कोण बरोबर?

काजवा:
दोघेही, आणि म्हणूनच गोंधळ होतो. ताईंची बाल्कनी पश्चिमेला असणार. होकायंत्रवाल्या पंथात पश्चिम म्हणजे धातू, धातूचा रंग पांढरा, राखाडी. तुमचं ॲप दुसऱ्या पंथाचं, ज्याला ब्लॅक हॅट किंवा ब्लॅक सेक्ट म्हणतात, लिन युन यांनी अमेरिकेत लोकप्रिय केलेला. त्यात दिशा बघतच नाहीत. नऊ घरांचा बागुआ नकाशा मुख्य दाराच्या भिंतीला लावून ठेवायचा, मग दारातून आत बघताना डावा लांबचा कोपरा संपत्तीचा, उजवा लांबचा नात्यांचा, आणि मधला समोरचा भाग कीर्तीचा. कीर्तीचं तत्त्व अग्नी, रंग लाल. आता तीच एक बाल्कनी, एकाच्या मते धातू आणि दुसऱ्याच्या मते धातू वितळवणारा अग्नी. म्हणून दोन पंथांचे रंग एकत्र करू नका, एक धरा नाहीतर एकही धरू नका. आणि त्यात वास्तुशास्त्र कालवू नका, त्याचं गणित तिसरंच.

आणि हो, सध्या लाल-जांभळ्या पडद्यांची जी लाट आलीय तिचं कारण वेगळं. 'फ्लाइंग स्टार' नावाच्या पद्धतीत वीस-वीस वर्षांचे नऊ कालखंड असतात, एकूण १८० वर्षांचं चक्र. २०२४ ला आठवा संपून नववा सुरू झाला, तो २०४३ पर्यंत. नवव्याचं तत्त्व अग्नी. म्हणजे बाजारात वीस वर्षं लाल खपणार. त्या पद्धतीत खरं तर प्रत्येक घराची कुंडली मांडतात, घर कधी बांधलं आणि तोंड कुठल्या अंशाला आहे ते बघून, सगळ्यांना सरसकट लाल असं तिच्यात नाही. पण एवढं कोण सांगत बसतं.

दिशाभूल:
मी लाल घेऊन आलोय ऑलरेडी. हॉल संध्याकाळी फोटो धुवायच्या खोलीसारखा दिसतो.

टीपशिलाई:
मागून पांढरं अस्तर लावा, उजेड आरपार येणार नाही, मग लाली कमी वाटेल.

भाषावाला:
पुन्हा अवांतर, जपानी नोरेनही हल्ली 'फेंगशुई पडदा' म्हणून विकतात. नोरेन म्हणजे मधे चिरा असलेला दारावरचा आखूड पडदा. जपानात तो दुकानाच्या दारावर असतो, उघडताना लावायचा, बंद करताना आत घ्यायचा, म्हणजे पडदा लागलेला असणं हेच 'दुकान चालू आहे' सांगणं. आपल्याकडे पडदा दिसला की वाटतं आत येऊ नका, तिकडे पडदा दिसला की या. पण ताईंना त्याचा उपयोग होईल, मधे चीर असल्यामुळे ताट घेऊन सुद्धा खांद्याने ढकलून जाता येतं, आणि छातीपर्यंतच असल्यामुळे पायात येत नाही.

जळवंटीण:
किचन सोडून कुठेही लावा.

छोट्याची_आई:
मण्यांच्या पडद्याबद्दल एक. घरात रांगतं-चालतं मूल असेल किंवा येणार असेल तर उतरवा. मुलं त्या माळा गळ्यात घालून गोल गोल फिरतात, आमच्या पिल्लूने माळ मानेभोवती दोनदा गुंडाळलेली मी बघितलीय, हातपाय गळाले होते. ओढून उघडायच्या पडद्यांच्या लोंबत्या गोल दोऱ्यांचंही तेच, उंच बांधून ठेवा.

उंबरठा:
मंडळी, वारेमाप यांचा प्रयोग केला! नवरा आधी हसला आणि नंतर तोच टिश्यू कापत बसला.

दोन्ही दारं उघडी, पडदे काढलेले: पट्टी जवळजवळ आडवी, बाल्कनीकडे तोंड करून, फडफड नुसती. बाल्कनीचा पांढरा पडदा लावला, तो जाळीच्या कापडाचा आहे, तर तो शिडासारखा फुगून बाहेर गेला आणि पट्टी थोडीच खाली आली. मग आम्ही त्याच्या जागी बेडरूमचा जाड सुती लावला आणि (टीपशिलाईताई, शिशाची साखळी नव्हती) खालच्या दुमडीत कपड्यांचे चिमटे लावले सहा. पट्टी निम्म्याहून खाली, हळूहळू डुलतेय. आणि शेवटी सगळे पडदे काढून फक्त मुख्य दार लावलं. पट्टी गप. सरळ लोंबकळत राहिली, सासरे म्हणाले, "मेली वाटतं तुमची ची."

पण एक गोष्ट लक्षात आली, जाड पडदा लावल्यावर हॉल कोंदल्यासारखा झाला, पंधरा मिनिटांत. म्हणजे जे आरपार वारं दोष म्हणून सांगितलं तेच उन्हाळ्यात आम्हाला जगवतं.

वारेमाप:
अगदी. समोरासमोरची उघडी म्हणजे फुकटचं व्हेंटिलेशन. पूर्ण अडवू नका, मोडा फक्त. दाराच्या रेषेत कमरेएवढं शेल्फ किंवा दोन मोठ्या कुंड्या तिरक्या ठेवल्या की वारं वळसा घेतं, घरभर फिरतं, आणि दारातल्याला धुणंही थेट दिसत नाही. काजवा यांच्या त्या चिनी भिंतीचंच धाकटं भावंड.

काजवा:
हेच लिहिणार होतो. फेंगशुईत सुद्धा 'अडवा' पेक्षा 'वळवा' ला जास्त मान आहे.

साशंक:
काजवा आणि मी एकाच बाजूला, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

उंबरठा:
शेवटचं अपडेट. किचनचा आणि बाथरूमचा काढला, बाथरूमचं दार आपोआप मिटायला स्प्रिंगची बिजागरी बसवली. मण्यांचा गेला. बेडरूमचा जाड पडदा परत बेडरूमला, फक्त रात्री ओढतो, शांतनिद्राताईंचं पटलं. बाल्कनीला जाळीचाच ठेवलाय, दुमडीत साखळी ओवून, दिवसा एका बाजूला सारलेला, आणि रेषेत आडवं पुस्तकांचं शेल्फ, त्यावर मनीप्लांट. दारातून आता धुणं दिसत नाही. जाऊबाई आल्या होत्या, त्यांनी शेल्फकडे बघून विचारलं, हे त्यांनीच सांगितलं ना? मी हो म्हटलं, कशाला वाद.

सासरे मात्र खट्टू झालेत, गाठ मारायला एकही पडदा उरला नाही म्हणून. काल संध्याकाळी बघते तर मनीप्लांटच्या लोंबत्या वेलाला गाठ.

पाचवा_मजला:
काकांना साष्टांग. _/\_